बायोडेटातले किडे

लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस विचारतो, "आपण काय करता?" आणि माझी पंचाईत होते. वकील असतो तर एका शब्दात सुटलो असतो. मी म्हणतो, "वेबसाइटवरची मराठी अक्षरं बिघडली की दुरुस्त करतो." तो दोन घास खातो, विचार करतो आणि म्हणतो, "म्हणजे पेंटर का?" पूर्वी मी समजावून सांगत बसायचो. आता सरळ हो म्हणतो. एकदा तर वरपक्षाच्या एका काकांनी जेवण होईस्तोवर मला त्यांच्या दुकानाची पाटी कुठल्या रंगात हवी ते सांगितलं, आणि मी मान डोलावत मठ्ठा पीत राहिलो.

नागपुरात बसून वीसेक वर्षं मी हा उद्योग केला. आता नवीन कामं घेत नाही, पण जुनी गिऱ्हाइकं मला सोडत नाहीत. बाहेरच्यांसाठी धंदा थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. कुठल्या अक्षराला कुठले आकडे, याची एक यादी असते. पाठवणाऱ्यानं ज्या यादीनं लिहिलं त्याच यादीनं वाचणाऱ्यानं वाचलं की मराठी मराठीसारखी दिसते. भानगड अशी की याद्या अनेक आहेत. जगातल्या साऱ्या लिप्यांची मिळून युनिकोड नावाची एक मोठी यादी झाली, आता सगळे तीच वापरतात, तरी जुन्या याद्या अजून गेलेल्या नाहीत. त्या कुठंतरी कोपऱ्यात बसून असतात आणि कोणी विचारलं नाही तरी मधे बोलतात.

पेशंट आला की मी आधी तोंड पाहतो. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर फॉन्ट नाही, म्हणजे सर्दी-पडसं. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर वाईट बातमी आहे. अक्षरं मेली, त्यांच्या जागी दगड ठेवलेत, मूळ कागद सापडत असेल तर पुन्हा टाइप करा. तिसरा प्रकार किड्यांचा. आधी एक इंग्रजी ए, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, त्याच्यामागं चार पायांचा गोल किडा, मग आणखी काहीतरी गिचमिड, आणि पुन्हा तोच ए, तोच किडा. गिऱ्हाईक सगळ्यात जास्त घाबरतं ते या किड्यांना. मी मात्र निवांत असतो, कारण किडे दिसतात तेव्हा अक्षरं जिवंत असतात. ती फक्त चुकीच्या यादीनं वाचली जात असतात.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग भेटली. रामटेकला एका लॉजमधे बुकिंग करणाऱ्यांची नावं प्रश्नचिन्हं होऊन यायची. मालकानं मला बोलवायच्या आधी महिनाभर पाहुण्यांना "या, प्रश्नचिन्हसाहेब" म्हणत खोल्या दिल्या, आणि वर मला सांगितलं की लोक हसतात, चांगलं वाटते त्यांना. जरीपटक्याच्या एका कापडवाल्याच्या साइटवर किडे पडले तेव्हा त्यानं दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची बांधली, आणि मी साइट नीट करून दिल्यावर श्रेय लिंबाला दिलं. एका कचेरीतला बाबू तर सगळ्यांचा बाप निघाला. वरून आलेल्या पत्रात किडे होते, आणि त्यानं ते किडे एकूण एक, टोपी-पायांसकट, सुंदर अक्षरात आवक रजिस्टरमधे उतरवून ठेवले होते. मी विचारलं, हे काय केलंत? तो म्हणाला, "साहेबायचं पत्र होतं. आपन आपल्या मनानं कसं बदलवाचं?"

या गोष्टी सांगून मी खूप टाळ्या घेतल्या आहेत. आज सांगायची आहे ती गोष्ट टाळ्यांची नाही. ती जिथं घडली त्या जागेबाहेर मी आजवर फक्त बायकोला सांगितली, आणि तीसुद्धा तिनं दोनदा विचारल्यावर.

सक्करदऱ्याकडे एक वधू-वर सूचक मंडळ आहे. नाव कशाला सांगू, सगळे जिवंत आहेत. अध्यक्ष नानाजी, शाळेचे निवृत्त हेडमास्तर. वय पंचाहत्तरच्या पुढं, धोतर कडक, आवाज त्याहून कडक. मंडळाची वेबसाइट मीच करून दिलेली. पालक फॉर्म भरून आणून देतात, ऑफिसमधली ऑपरेटर तो टाइप करते आणि बायोडेटा साइटवर दिसतो. ऑपरेटर म्हणजे सुषमाताई. मौद्याहून रोज बसनं यायच्या. नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला, मुलगी बारावीला, म्हणजे घर या बाईंच्या दहा बोटांवर चालत होतं. टायपिंग असं स्वच्छ की मी माझ्या इतर गिऱ्हाइकांना त्यांचं उदाहरण द्यायचो. बोलणं मात्र कमी, आणि बोलल्या की समोरच्यानं जपून राहावं.

खंडेनवमीला मी मंडळाच्या ऑफिसात बुंदीचे लाडू खायला गेलो होतो, तेव्हा साइट ठणठणीत होती. दिवाळी झाली तरी ठणठणीत होती. मग एका सोमवारी सकाळी मी बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहत असताना नानाजींचा फोन आला.

"विलासभाऊ, साइटले किडे लागले."

"सगळ्या पानांना?"

"सगळ्याले. मुलीचे काय आन् मुलायचे काय. फोन उचलू उचलू मी थकलो गा."

"नवीन काही केलं का ऑफिसात?"

"काही नाही. सुषमाबाईले मागच्या हप्त्यात नवा कॉम्प्युटर घेऊन देल्ला, बस."

मेथीवाली माझ्याकडं पाहत होती, जुडी घेता की सोडता. मी फोन खांद्यात धरला आणि म्हणालो, "मग ऑपरेटरनं कीबोर्डचं काहीतरी बदलवलं असेल. उद्या येतो."

आमच्या धंद्यात हे वाक्य तोंडात तयारच असतं. दुखतंय म्हटलं की डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगतो, तसं आम्ही आधी ऑपरेटरकडं बोट दाखवतो. त्यात विचार नसतो, वेळ मिळतो इतकंच. मी मेथी घेतली आणि विसरलो. नानाजी विसरले नाहीत. हेडमास्तरला गुन्हेगाराचं नाव कळलं की तपास संपतो.

मंगळवारी गेलो तर ऑफिसात मेळा भरला होता. परिचय मेळावा महिन्यावर आलेला, त्याची पुस्तिका साइटवरूनच छापायची, आणि साइटवर किड्यांचं राज्य. एक गृहस्थ विचारत होते की माझ्या मुलीची अपेक्षा 'निर्व्यसनी' होती, तिथं हे काय लिहिलं आहे. उमरेडच्या एका काकू मात्र खूष होत्या. त्यांनी मोबाइल पुढं केला आणि नानाजींना म्हणाल्या, "या मुलाचा नंबर द्या बरं. लय शिकलेला दिसून राहिला, सगळं फ्रेंचमधे लिव्हलं हाय." मुलगा काटोलचा होता आणि त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. काकूंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला आणि मोबाइल पर्समधे गेला.

सुषमाताई कोपऱ्यात नव्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. मला ते दिसलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. माझं लक्ष किड्यांवर होतं.

मी साइटच्या मागचा साठा उघडला. साठा म्हणजे जिथं टाइप केलेलं सगळं जपून ठेवलेलं असतं ती जागा. तिथं प्रत्येक अक्षर जिथल्या तिथं होतं. निर्व्यसनी निर्व्यसनीच होता. याचा अर्थ शाळकरी पोरालाही कळेल, की टाइप करणाऱ्या हातांत काही दोष नाही आणि बिघाड पुढं, पान बाहेर पाठवताना होतो आहे. मला हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं. मी वहीत लिहिलंसुद्धा, 'साठा ठीक'. आणि वही बंद करून नानाजींना म्हणालो, "बघतो, दोन दिवस लागतील."

इथं थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं या जागी बिघडलं. माझी एक खोड आहे. अर्धं उत्तर मी कोणाला देत नाही. रोग काय, कशानं झाला आणि औषध काय, हे तिन्ही एकदम टेबलावर ठेवायचं आणि समोरच्यानं "वा" म्हणायचं, याची मला चटक लागली होती. 'टायपिंगमधे दोष नाही' ही माझ्या लेखी बातमीच नव्हती, एक पायरी होती. ती पायरी कोणाच्या पोटाची आहे हे मी विचारलं नाही.

बुधवार, गुरुवार मी घरी बसून शोधलं. पान बाहेर पडताना त्याच्यासोबत एक सूचना जाते, की बाबा रे, हे अमुक यादीनं वाच. पाकिटावरचा पत्ता समजा. तो पाकिटावरच हवा, आतल्या कागदावर लिहून उपयोग नाही. माझी साइट तो पत्ता बरोबर लिहीत होती. पत्ता लिहिणारा कोड मी दहादा वाचला. पण बाहेर आलेल्या पाकिटावर पत्ता भलताच होता, जुन्या इंग्रजी यादीचा. म्हणजे मी लिहिलेला पत्ता मधेच कोणीतरी पुसत होतं. साइट ज्या सर्व्हरवर राहते तो कंपनीनं नवा कॉम्प्युटर आला त्याच आठवड्यात बदलला होता, तसा त्यांचा ईमेल आला होता आणि मी न वाचताच 'ठीक' म्हणून कळवलं होतं. मी मनातल्या मनात त्या कंपनीला शिव्या घातल्या. नव्या सर्व्हरवर चुकांची नोंद कुठं होते हे त्यांना विचारलं असतं तर तासाभरात उत्तर आलं असतं. पण विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही असं कबूल करणं. तेवढ्यासाठी मी तीन दिवस घालवले.

मंदा, माझी बायको, म्हणाली, "विचारून का नाही घेत?"

मी म्हणालो, "तुला यातलं काय कळतं?"

ती म्हणाली, "यातलं नाही कळत, तुमच्यातलं कळतं."

शुक्रवारी दुपारी मंडळात गेलो. नानाजी नव्हते. सुषमाताई एकट्या होत्या, टेबलाचा खण रिकामा करत. हळदीकुंकवाची डबी, मुलीचा पासपोर्ट साइज फोटो, डोक्याला लावायची बामची बाटली, असं काय काय पिशवीत जात होतं.

"सुट्टीवर का?" मी विचारलं.

"रविवारी मीटिंग हाय, सर. राजीनामा आनून द्या म्हनले नानाजी. नाही देल्ला तर थेच काढतील. मंग देल्लेला बरा."

"का पण?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी आजही ते पाहणं आठवून अंथरुणात कूस बदलतो. "साइट मी बिघडवली म्हनून. तुमीच सांगतलं ना त्यायले फोनवर?"

मला मेथीची जुडी आठवली. "अहो, ते मी सहज म्हटलं होतं. तुमचं टायपिंग बरोबर आहे. साठ्यात सगळं नीट आहे."

"हे तुमाले कवा कळलं?"

खोटं बोलायला एक क्षण होता, आणि मी तो वापरणार होतो. पण वही माझ्या हातात उघडीच होती आणि त्यावर तारीख-वार घालून लिहिलेलं होतं.

"मंगळवारी."

त्यांनी बोटांवर मोजलं. खरंच मोजलं, माझ्यासमोर. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. "चार दिवस मी इथं बसून होती, सर. येनारा प्रत्येक मानूस मले बोलून गेला. घरी सांगतलं नाही अजून, पोरीची परीक्षा हाय. तुमाले ठाऊक होतं, मंग मले काहून नाही सांगतलं?"

मी म्हणालो, "पूर्ण कारण सापडलं की सांगणार होतो."

"मले कुठं पूर्न पाह्यजे होतं?" त्या म्हणाल्या आणि बामची बाटली पिशवीत टाकली.

घरी येऊन मी त्या कंपनीला विचारलं. नोंद कुठं ठेवता? पस्तीस मिनिटांत उत्तर आलं, सभ्य शब्दांत, सोबत फाइल. फाइलमधे एकच ओळ हजारदा लिहिलेली होती. यंत्रं कोणाचं तोंड पाहून बोलत नाहीत हा त्यांचा चांगुलपणा आहे. त्या ओळीचा अर्थ असा: पत्ता लिहायच्या आधीच पाकीट रवाना झालं, म्हणून पत्ता लिहिता आला नाही. पाकीट आधी कोणी ढकललं? तर अमुक फाइलनं, पहिल्याच ओळीनं.

ती फाइल मला पाठ होती. साइटचं कुठलंही पान उघडा, आधी ती उघडते. पहिल्या ओळीवर काही नसायला हवं होतं. मी उघडली. पहिल्या ओळीवर होतं, दोन्ही बाजूंना दोन-दोन दंड देऊन, छान मधोमध:

॥ श्री ॥

आणि मला बुंदीच्या लाडवाची चव आठवली.

खंडेनवमीला नानाजींनी स्वतः मंडळाच्या कॉम्प्युटरची पूजा केली होती. मॉनिटरला हळदीकुंकू, कीबोर्डवर झेंडू, प्रिंटरपुढं नारळ. आरती झाली तरी नानाजींचं समाधान दिसेना. मला बाजूला घेऊन म्हणाले, "विलासभाऊ, हे तर डबड्याची पूजा झाली गा. काम तर आतमधे होते ना?"

मी म्हणालो, "आतच होतं."

"मंग आत पूजा करा. वहीच्या पयल्या पानावर आपन श्री काढतो का नाही? तसं तिथं काढा, जिथून सारं सुरू होते."

मी देवाधर्माचा माणूस नाही. पण समोर लाडवाचं ताट होतं आणि नानाजी हातात जानवं धरून उभे होते. मी डाव्या हातानं लाडू सांभाळत उजव्या हातानं ती फाइल उघडली आणि अगदी वर, पहिल्या ओळीवर, श्री टाइप केला. पानावर दिसू नये म्हणून त्याला लपवायच्या खुणांच्या आत ठेवला. लोकांना दिसणार नाही, पण पानासोबत जाईल. नानाजींनी चष्मा लावून स्क्रीनला नमस्कार केला. मी दुसरा लाडू घेतला आणि घरी गेलो. हसतच गेलो, मित्राला सांगायला एक किस्सा मिळाला म्हणून.

लपवलेला श्री दिसत नव्हता, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूरच. पान उघडलं की पत्ता लिहायच्या आधी श्री निघाला दारातून. जुना सर्व्हर सबुरीचा होता. पूर्ण ताट वाढून झाल्याशिवाय तो पंगतीत ताट नेत नसे, त्यामुळं मागाहून लिहिलेला पत्ताही चालून जायचा. नवा सर्व्हर घाईचा. हातात आलं की वाढलं. श्री आला, श्री गेला, पाठोपाठ पत्ता लिहायला जावं तर पाकीट केव्हाच गेलेलं, आणि त्यावर सर्व्हरनं आपल्या मनानं जुनाच पत्ता ठोकलेला. अशा चुकीची सूचना पूर्वी पानावरच यायची. ती मीच बंद करून ठेवली होती, गिऱ्हाइकं घाबरतात म्हणून.

वीस वर्षं लोकांच्या फाइली उपसल्या. या वेळी एक सोडून सगळ्या फाइली पाहिल्या, आणि शेवटचा हात मी लावला होता तो त्याच एकीला.

ओळ काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. साइट झकास चालू झाली असती आणि मी 'सर्व्हरवाल्यांचा घोळ' असं म्हणालो असतो तर कोणी विचारलं नसतं. सर्व्हरवाले मुंबई-पुण्याकडचे, त्यांना कोण ओळखतं इथं? खरं सांगतो, बोट कळीवर होतं. मंदा भाजी चिरत होती, तिनं विचारलं, "सापडलं का?" मी म्हणालो, "सापडलं." "कोणाची चूक?" मी पुन्हा स्क्रीनकडं वळलो. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. मग सगळं सांगितलं. ती चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "गुपचूप नीट केलंत तर लोक काय म्हणतील? बाईनं बिघडवलं आणि सरांनी सुधारलं." मी कळीवरचं बोट काढलं. साइट रविवारपर्यंत तशीच किड्यांत राहू दिली.

रविवारी मंडळाची कार्यकारिणी बसली. सात जण, सरासरी वय विचारू नका. सुषमाताई दाराजवळच्या खुर्चीवर, हातात घडी घातलेला कागद. मी आधी बोलायची परवानगी मागितली आणि उभं राहूनच सांगितलं की यात सुषमाताईंची काहीएक चूक नाही, चूक माझी आहे. खंडेनवमीला मी आत जो श्री लिहिला, त्यानं हे झालं. पाकीट आणि पत्त्याचं उदाहरण देऊन ते समजावलंही.

नानाजी म्हणाले, "श्रीनं?"

"श्रीनं म्हणजे, मी तो चुकीच्या जागी लिहिला त्यानं."

"श्रीनं कवा कोनाचं बिघडत असते काय, विलासभाऊ? हेडमास्तरकी केली मी. हजार वह्यांवर श्री काढला, एकही पोरगं नापास नाही झालं त्यानं."

दुसरे एक सभासद म्हणाले, "सरायचं मन मोठं हाय. बाईची नोकरी वाचावी म्हनून सोतावर घेऊन राहिले." सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी "वा" पण म्हणालं. आयुष्यभर ज्या 'वा'साठी मी धडपडलो तो मिळाला, आणि तो असा मिळाला की मला तिथंच खड्डा खणून आत जावंसं वाटलं. खरं बोललो तर मी थोर ठरलो आणि बाई दोषीच राहिली.

मग दाखवण्याशिवाय उपाय नव्हता. लॅपटॉप टेबलावर ठेवला. "पाहा, हे काटोलच्या मुलाचं पान, किडे आहेत. आता श्री काढतो." काढला. पान पुन्हा उघडलं. काटोलचा मुलगा स्वच्छ मराठीत, सुट्या भागांच्या दुकानासकट. "आता श्री परत लिहितो." लिहिला. पुन्हा किडे. तीनदा केलं. तिसऱ्या वेळी सातही जण स्क्रीनवर वाकले होते, आणि ते मघाचे थोरवीवाले सभासद म्हणाले, "अरे बापा."

नानाजी खुर्चीत मागं टेकले. पंचाहत्तरीतला कडक माणूस एकदम म्हातारा दिसला. "म्हंजे मीच सांगतलं ना तुमाले लिव्हाले."

"तुम्ही श्री लिहायला सांगितलं. कुठं लिहायचा ते मला कळायला हवं होतं. तो माझा धंदा आहे."

"आता काढून टाकान?" त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "आतला श्री काढून टाकला तर बरं नाही वाटनार, विलासभाऊ. महिन्यावर मेळावा हाय."

माझ्या डोक्यात यादी होती, पत्ता होता, पाकीट होतं. त्या माणसाच्या डोक्यात साठ-सत्तर पोरापोरींची लग्नं होती. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

"सर, पाकिटावर पत्ता लिव्हून झाला का मंग श्री लिव्हला तर चालते काय?"

सुषमाताई होत्या. मी पत्त्याचं समजावून सांगत होतो ते सातांपैकी एकालाही कळलं नव्हतं. त्यांना कळलं होतं.

"चालतं," मी म्हणालो.

"मंग देवाले एक ओळ खाली बसवा ना. त्याले काय राग येते?"

सगळे नानाजींकडं पाहू लागले. नानाजींनी बराच विचार केला. मग म्हणाले, "पत्ता आधी, श्री मंग. पोस्टकार्डावर उलटं असते, पन ठीक हाय. बसवा."

मी श्री खाली घेतला. पान उघडलं. मराठी मराठीसारखी. नानाजींनी पुन्हा चष्मा लावून नमस्कार केला, आणि मग उठून दाराकडं गेले. मला वाटलं रागावून चालले. ते सुषमाताईंच्या खुर्चीपुढं थांबले आणि म्हणाले, "सुषमाबाई, मी न विचारता बोललो तुमाले. माफी करा." हेडमास्तरला हे वाक्य किती जड गेलं असेल ते ज्यानं त्यांच्या हातचा मार खाल्ला असेल त्यानंच सांगावं. "थो कागद फाडून टाका."

सुषमाताईंनी कागद फाडला नाही. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर, तुमी माह्यावर बोलले थे फोनवर बोलले. नानाजीच्या तोंडून सगळ्या लोकायनं ऐकलं. आता तुमची चूक होती हे मले लेखी पाह्यजे. आन् याच कॉम्प्युटरवर टाइप करा, याच्यावरच छापा."

बरोबर होतं. ज्या कीबोर्डला मी न पाहता नावं ठेवली त्याच कीबोर्डवर मी बसलो. त्या मागं उभ्या राहिल्या. मी लिहिलं की साइटवरील बिघाड हा माझ्या चुकीमुळे झाला, ऑपरेटर श्रीमती सुषमा यांचे टायपिंग पहिल्या दिवसापासून निर्दोष होते, आणि ही गोष्ट मला मंगळवारी कळूनही मी कोणास सांगितली नाही. शेवटचं वाक्य मी टाळलं होतं. त्यांनी मागून सांगून घालायला लावलं. माझ्या टायपिंगमधे दोन चुका त्यांनीच सुधारल्या.

प्रिंट निघाली. त्यांनी ती खिडकीशी नेऊन पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचली. सही घेतली. मग पुन्हा बटण दाबून दुसरी प्रत काढली आणि तिच्यावरही सही करायला सांगितली.

"दुसरी कशाला? ऑफिसच्या फाइलला?"

"नाही. थे तुमच्यासाठी हाय." त्यांनी कागदाची नीट चौघडी घातली आणि माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत स्वतः ठेवली. "पुढच्या येळी कोनाबद्दल फोनवर बोलाच्या आधी वाचजा."

मेळावा झाला, पुस्तिका छापली. त्या काटोलच्या मुलाचं लग्न उमरेडच्या काकूंच्याच पोरीशी जमलं, फ्रेंच येत नसतानाही. श्री अजून दुसऱ्या जागी बसून आहे आणि सुषमाताई त्यांच्या जागी.

परवा जरीपटक्याच्या त्या कापडवाल्याचा फोन आला. साइटवर पुन्हा किडे. "सर, नवीन मॅडम रखी है काउंटर पे, उसनेच कुछ दबा दिया होगा, क्या?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं.

"जरा थांबा," मी म्हणालो, "एक कागद वाचून घेतो."